महापुरात बुडालेली १९५७ ची फियाट: एका घरच्या गाडीच्या पुनर्बांधणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात एक डॉक्टर होते. १९६१ साली त्यांनी सांगलीतल्या एका व्यापाऱ्याकडून चार वर्षं वापरलेली फियाट ११०० विकत घेतली. पुढे आलेलं नाकाड, उतरती गोल पाठ. सगळा महाराष्ट्र जिला डुक्कर फियाट म्हणतो ती हीच. कुटुंबाच्या सांगण्यावरून गावाचं नाव आणि माणसांची नावं इथे गाळली आहेत. या कामात माझ्याकडे नोंदी ठेवण्याची आणि विचारलं तर सल्ला देण्याची जबाबदारी होती.

हे मॉडेल इटलीत १९५३ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून बाहेर पडू लागलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली ही कंपनी. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर (आयात-शुल्काबाबत सरकारला सल्ला देणारा आयोग) सरकारचं धोरण कडक झालं: बाहेरून भाग आणून इथे गाड्या नुसत्या जोडायच्या असतील तर जागा नाही. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना बंद झाला, फोर्डनंही गाशा गुंडाळला. मध्यमवर्गीयाला परवडेल अशा गाड्यांमध्ये फियाट, हिंदुस्थान मोटर्सच्या गाड्या आणि मद्रासची स्टँडर्ड एवढीच नावं राहिली. तालुक्याच्या डॉक्टरकडे फियाट दिसायची त्याचं कारण हे.

गाडीची रचना आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. चार सिलिंडरचं १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा चार गियरचा दांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. खाली वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारी लोखंडी चौकट, नाही; पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. आणि चारही दारं मधल्या एकाच खांबाला टांगलेली. पुढचं दार मागच्या बाजूनं बिजागरलेलं असल्यामुळे ते उलटं उघडतं.

डॉक्टर ही गाडी घेऊन वाड्यावस्त्यांवर जात. अडलेली बाळंतीण असली की मागच्या सीटवर गोधडी टाकून थेट मिरजेचं मिशन हॉस्पिटल गाठायचं. तिन्ही मुलांकडे गाडीच्या आपापल्या आठवणी आहेत. थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, पुण्याच्या वाटेवरचा खंबाटकी घाट आठवतो. चढावर इंजिनावरच्या पेट्रोल पंपात वाफ धरायची आणि गाडी आचके देत थांबायची. वडील बॉनेट उघडायचे, आणि दादांनी पाण्याच्या बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतून ते पंपाभोवती गुंडाळायचं. फडकं वाळायच्या आत घाटमाथा गाठायचा. ताईंना डॅशबोर्डवरचा एक ओरखडा आठवतो. वडील व्हिजिटची बॅग डाव्या हाताला ठेवत, तिची पितळी कडी दर खड्ड्याला तिथे घासायची. धाकटे भाऊ, ज्यांना घरात आबा म्हणतात, ते याच गाडीवर चालवायला शिकले. हिवाळ्यातल्या पहाटे हँडल मारून ती सुरू करणं हे त्यांचं काम होतं. अंगठा हँडलभोवती आवळायचा नाही, उलट फटका बसला तर मोडतो, हा वडिलांचा पहिला धडा ते आजही हात पुढे करून दाखवतात.

डॉक्टर १९९६ मध्ये गेले. आणखी दोन वर्षं गाडी इकडेतिकडे फिरली, मग गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली.

प्रश्न काय होता

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. शेडमध्ये पाणी गाडीच्या सीटच्या वर चढलं आणि आठवडाभर हललं नाही. घरातली माणसं जिथे नातेवाइकांकडे राहत होती, तिथे गाडीचा विचार कोण करणार? पाणी ओसरल्यावर कुणीतरी तिच्यावर ताडपत्री टाकली, आणि मन निश्चिंत झालं. खरं नुकसान त्या ताडपत्रीखाली झालं. दारांखालच्या पोकळ पेट्यांमध्ये गाळ बसलेला, तो ओला, आणि वरून वारा बंद. पत्रा बाहेरून नव्हे, आतून खाल्ला गेला. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा शेडपर्यंत आलं तेव्हा आबांनी दोघा भावंडांना फोन केला: आता काहीतरी ठरवा.

मी पहिल्यांदा गाडी पाहिली तेव्हा इंजिन जाम होतं. चारही ब्रेक धरले होते. फ्लोअरवर टाच दाबली की पत्रा कुरकुरत होता. आरसी बुक अजून वडिलांच्या नावावर, मुदत कधीच संपलेली, आणि पुरात भिजून पानं एकमेकांना चिकटलेली.

त्याहून मोठी अडचण माणसांची होती. दादांना गाडी शोरूममधून आल्यासारखी हवी होती, जुन्या गाड्यांच्या रॅलीत उभी करण्याजोगी. ताईंचं म्हणणं, सीट, डॅशबोर्ड, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. आबांना ती चालायला हवी होती, पाहुण्यांना घेऊन गावात फिरायला. तीन वेगळी कामं आहेत ही, त्यांचे खर्च वेगळे आणि कारागीरही वेगळे. हे आधी बोलून घ्या असं मी सुचवलं. तिघांनीही मान डोलावली आणि विषय तसाच राहिला.

समोरचे पर्याय

पहिला, विकून टाकणं. मुंबईहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं आहे त्या स्थितीत ८० हजार देऊ केले. दादा क्षणभर तयार होते. ताईंनी विचारलं, “दादा, ओरखड्याचे किती धरले त्यानं?” तो विषय तिथेच संपला.

दुसरा पर्याय हल्ली फार चालतो: बाहेरून जुनी, आतून नवी. नवं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक, एसी. चालवायला सुखाची होते हे खरं आहे. पण इंजिन आणि सांगाडा दोन्ही बदलले की राहतो तो फक्त आकार. शिवाय कागदोपत्री इंजिन नंबर बदलणं आलं, आणि जुन्या वाहनांसाठीच्या नव्या नियमाचं दारही बंद होतं. माझा या पर्यायाला स्पष्ट विरोध होता आणि मी तो लपवला नाही.

तिसरा, अंगणात शोभेला उभी करणं. याला खर्च कमी, पण उघड्यावर उभी केलेली गाडी पाच पावसाळ्यांत संपते.

चौथा: सांगाडा भक्कम करायचा, इंजिन तेच ठेवून दुरुस्त करायचं, आणि जे जुनं असूनही काम देतं त्याला हात लावायचा नाही. ठरलं हे. याला एक मोठा आधार होता. १०८९ सीसीचं हे इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनीपर्यंत चालत आलं. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरची आतली रुंदी), ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव), दोन्हीकडे तेच. पद्मिनी तर शतक संपेपर्यंत बनत होती. त्यामुळे इंजिनाच्या आतला बराच माल आजही मिळतो. मिळत नाही ते बाहेरचं: पट्ट्या, काचांची रबरं, दारांची हँडलं, दिव्यांच्या रिंगा.

काय केलं, आणि कुठे थांबावं लागलं

*ट्रॅक्टर*

पहिल्याच दिवशी पुतण्यानं उपाय काढला: गियर टाकून ट्रॅक्टरनं ओढू, जाम सुटेल. खेडोपाडी हे सर्रास होतं आणि कधीकधी सुटतंही. पण पुराचं पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजानं चिकटलेल्या असतात. जोर लावला की रिंग तुटते आणि तुटलेला तुकडा भिंत उभी चिरत जातो. आबांनी “नको” म्हटलं. स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं पातळ तेल) यांचं मिश्रण सोडलं, ते मुरू दिलं, आणि मग क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, पुलीच्या नटला पाना लावून केसभर पुढे, केसभर मागे असं हलवत राहिले. तरीही एक पिस्टन सुटेना, म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडावं लागलं. पण आत एकही रिंग तुटलेली नव्हती आणि क्रँक शाबूत होता. साऱ्या कामातला सर्वांत शहाणा निर्णय मी हाच मानतो. तो एका शब्दाचा होता आणि त्याला पैसाही लागला नाही.

*डावी पेटी*

इथे प्रकरण बिघडलं, म्हणून इथे जरा थांबतो.

गाडी आधी जवळच्या एका गॅरेजला दिली. तिथे पेंटिंगचं काम चांगलं होतं, गाड्या चकचकीत होऊन बाहेर पडत. त्यांनी त्यांच्या सवयीनं सुरुवात केली: सगळा रंग खरवडला, सगळे भाग काढून पोत्यांत भरले. पोत्यांवर नाव नाही, फोटो नाहीत. इंजिन बाहेर काढलेलं. मग दारांखालची डावी पेटी सडलेली दिसली तेव्हा ती पुढून मागपर्यंत एकदम कापून काढली. गाडी त्या वेळी पुढच्या आणि मागच्या टोकाला घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवलेली होती, मध्ये काहीच आधार नाही.

चासी असलेल्या गाडीत हे कदाचित खपलं असतं. इथे ती पेटी म्हणजेच कणा. कापताच मधला खांब खाली बसला आणि किंचित कलला. दोन्ही दारं त्याच खांबाला, त्यामुळे दोन्ही बिघडली. पुढचं दार वर टपाला घासत होतं आणि खाली फटीतून बोट जात होतं. गॅरेजवाल्यांनी तोडगा सांगितला: बिजागरं वाकवू, दाराची कड ठोकू, उरलेलं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरून घेऊ. रंग लागल्यावर कुणाला कळणार नाही.

हा खरा निर्णयाचा क्षण होता. अॅडव्हान्स दिलेला, महिने गेलेले, आणि दादांना एका रॅलीची तारीख खुणावत होती. लांबी भरून घेतली असती तर त्या रॅलीत गाडी दिसलीही असती. पण वाकलेल्या सांगाड्यावर नवी पेटी वेल्ड केली की तो वाक कायमचा होतो. नंतर सरळ करायचा तर सगळं पुन्हा कापायला लागतं. तिघांची फोनवर बोलणी झाली, आवाज चढले. शेवटी दादांनीच काम थांबवलं. अॅडव्हान्सचा मोठा भाग परत मिळाला नाही. गाडी ट्रकमध्ये घालून कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेली.

तिथल्या मिस्त्रींनी आधी कशालाही हात लावला नाही. फक्त मापं घेतली. उजवी बाजू शाबूत होती, तिलाच नमुना धरलं. उजव्या दारांच्या चौकटींचे दोन्ही कर्ण मोजले आणि भिंतीवर खडूनं लिहिले. मग तेच डावीकडे. पुढच्या चौकटीत नऊ मिलिमीटरचा फरक निघाला. आतून चौकोनी पाइपची चौकट बांधली, खांबाच्या बुडाशी लाकडाची फळी देऊन खाली जॅक लावला, आणि अगदी थोडं उचलायचं, मोजायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी पुन्हा मोजायचं, असं चाललं. कर्ण जुळले तेव्हा त्यांनी दार हातानं नुसतं सोडलं. ते स्वतःच्या वजनानं येऊन कुलपात बसलं. मग म्हणाले, “आता वेल्डिंगचं बघू.”

पेटी तीन भागांत बनवली: आतली भिंत, मधली मजबुती, बाहेरचं आवरण. वेल्डिंग होईपर्यंत दारं लावलेलीच ठेवली होती आणि दर काही इंचांनी उघडून-मिटून पाहत होते. एका जागी सलग वेल्ड केलं तर पत्रा तापून ओढला जातो, म्हणून टाके इकडे एक, तिकडे एक. पाणी निथळायची मूळ भोकं मोजून पुन्हा पाडली. शेवटी आतून मेणमिश्रित गंजरोधक फवारलं. जुन्या पेटीचा कापलेला तुकडा आबांनी ठेवून घेतला आहे. त्यात अजून पुराचा काळा गाळ विटेसारखा घट्ट बसलेला आहे, मध्ये उसाच्या पाचटाच्या काड्या.

*रंग*

दादा म्हणत गाडी राखाडी होती. आबा म्हणत, छे, क्रीम. दोघांचा आपल्या आठवणीवर इतका भरवसा, की एकदा जेवण अर्धवट सोडून दोघं उठले. घरातले फोटो सगळे काळे-पांढरे. ताई म्हणाल्या, “मला शाळेत सोडायला यायची तेव्हा राखाडी होती, कॉलेजात गेले तेव्हा क्रीम.”

बाहेरचा सगळा रंग पहिल्या गॅरेजनं खरवडून टाकला होता, म्हणजे पुरावाही त्याबरोबर गेला. सुदैवानं डॅशबोर्डच्या मागची बाजू आणि डिकीच्या झाकणाची आतली कड राहून गेली होती. तिथे बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हातानं एका जागी घासला की थर एकाखाली एक उघडे पडतात. वर क्रीम. खाली रेड ऑक्साइडचा तांबडा थर. त्याखाली निळसर झाक असलेला राखाडी, आणि मग पत्र्याला धरून मूळ प्रायमर. तिघंही बरोबर होते, आपापल्या वयाप्रमाणे. चिकटलेली पानं वाफेवर हळूहळू सोडवल्यावर आरसी बुकातही राखाडी खोडून क्रीम केल्याची नोंद मिळाली.

मग कोणता द्यायचा? रॅलीतले परीक्षक कारखान्यातल्या रंगाला मान देतात, त्यामुळे दादांचा ओढा राखाडीकडे. माझं मत वेगळं होतं. क्रीम रंग हा बिघाड नव्हता, वडिलांनी निवडून दिलेला रंग होता, आणि गाडीच्या आयुष्यातली बहुतेक वर्षं ती त्याच रंगात धावली. पुनर्बांधणी म्हणजे मधली वर्षं पुसून कारखान्याच्या दारात परत जाणं, असं मी मानत नाही. शेवटी बाहेर क्रीम दिला, डिकीच्या कडेवरून मशीनवर जुळवून घेतलेला. डॅशबोर्डच्या मागचा आणि डिकीतला मूळ राखाडी तसाच सोडला. घासून उघडे केलेले थरही झाकले नाहीत.

*इंजिन*

सिलिंडरच्या भिंतींना गंजाचे खोल डाग होते, नुसत्या होनिंगनं, म्हणजे आतून बारीक घासून, निघण्याजोगे नव्हते. पद्मिनीचं अख्खं इंजिन कमी पैशांत मिळत होतं. तरी सिलिंडरमध्ये स्लीव्ह (नव्या भिंतीची नळी) टाकून मूळ ब्लॉक वाचवला, कारण त्यावरचा नंबर आरसी बुकाशी जुळत होता. तो नंबर तेल-मातीच्या थराखालून ब्रशनं साफ करून कागदावर पेन्सिलनं छापून घेतला तेव्हा ताईंनी तो कागद फाइलला लावला. क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्हचं काम उद्यमनगरातच झालं. या गोष्टी तिथे रोजच्या आहेत. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या मात्र विचारपूर्वक बदलल्या. हल्ली पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं जुन्या धाटणीचं रबर फुगतं आणि चिरतं, म्हणून व्हायटन या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या टाकल्या, इंजिनावरच्या पंपाचा पडदाही इथेनॉल सोसणारा बसवला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायचे, असा नियम घरात केला आहे.

वायरिंग पूर्ण नवं, पण जुन्याच रंगांच्या कापडी वेष्टणाचं. बंपरला क्रोम, चाकांच्या टोप्या तशाच निस्तेज ठेवल्या.

*सीट आणि डॅशबोर्ड*

पुराच्या पाण्यानं सीटचा काथ्या कुजला होता, तो बदलण्याला इलाज नव्हता. ड्रायव्हरच्या सीटचं रेक्झीन मात्र ताईंनी स्वतः धुतलं, आणि शिवणी उसवून तेच पुन्हा चढवलं. रंगकामात डॅशबोर्ड झाकून ठेवला होता. ओरखडा आहे तिथेच आहे.

*कागद*

मालक हयात नसल्यामुळे फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करावी लागली. दादा आणि ताईंनी संमतिपत्र दिलं, गाडी आबांच्या नावावर झाली, कारण ती गावातच राहणार होती.

यानंतर एक निवड होती. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले. नव्यानं नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात व्हीए ही अक्षरं येतात; आधीच नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, फेरनोंदणीचं ५ हजार, मुदत दहा वर्षं. अट एवढीच की सांगाड्यात आणि इंजिनात मोठा फेरफार नको. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणायची, भाड्यानं तर मुळीच नाही. दुसरा मार्ग नेहमीचा: फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि पाच वर्षांचं नूतनीकरण, ज्याचं मोटारीसाठीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५ हजार झालं होतं.

आबांना गाडी देवदर्शनाला, पाहुण्यांना आणायला काढायची होती. म्हणून नेहमीचा मार्ग घेतला. मला हे पटलं. ज्या गाडीनं माणसं मिरजेला पोचवली, तिनं फक्त प्रदर्शनासाठी दार उघडावं हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं. नंबर तोच राहिला, तीन अक्षरी मालिकेतला, १९८९ नंतरच्या एमएच मालिकेच्या आधीचा.

निष्पत्ती

२०२४ च्या उन्हाळ्यात गाडी स्वतःच्या चाकांवर गावात आली. फिटनेसला पहिल्या वेळी हँडब्रेकवर अडली, केबल ताणून दुसऱ्या वेळी पास झाली. सुरुवातीचा अंदाज साडेतीन लाखांचा होता, खर्च आठ लाखांच्या जवळ गेला. त्यातला मोठा वाटा दोनदा केलेल्या पत्र्याच्या कामाचा.

उणिवा आहेत. पुढच्या काचेचं रबर नंतरच्या मॉडेलचं मिळालं, त्याचा वळसा थोडा वेगळा आहे, त्यामुळे मुसळधार पावसात डाव्या कोपऱ्यातून पाणी झिरपतं. डावं मागचं दार खालून दोन मिलिमीटर बाहेर राहतं. पोत्यांतून काही भाग हरवलेच. डिकीच्या मूळ कुलपाची जागा दुसऱ्या कुलपानं भरली आहे.

गाडी चालू झाल्यावर गावातली माणसं आपणहून येऊ लागली. एका आजींनी मागच्या सीटवर हात ठेवून सांगितलं की त्यांचा थोरला मुलगा या गाडीत मिरजेच्या वाटेवर जन्मला, पोचेपर्यंत थांबलाच नाही. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. डॉक्टरांच्या कंपाउंडरांचा मुलगा जुना टूलबॉक्स घेऊन आला. मूळ जॅक आणि प्लगचा पाना त्यात होता. ताई आता या आठवणी वहीत उतरवून घेत आहेत, सांगणाऱ्याचं वय आणि अंदाजे साल टाकून.

वेगळं काय करता आलं असतं

ताईंच्या वहीतल्या या आठवणींच्या नोंदी २०२१ मध्येच सुरू व्हायला हव्या होत्या, पाना लावायच्या आधी. कंपाउंडर स्वतः २०२२ मध्ये वारले. त्यांनी या गाडीची निम्मी दुरुस्ती हातानं केली होती. कोणता भाग कधी बदलला, रंग कुठे आणि कोणत्या साली दिला, हे त्यांना तोंडपाठ असणार. त्यांना विचारलं असतं तर रंगावरून जेवण सोडायची वेळ आली नसती आणि टूलबॉक्सही आधी मिळाला असता. जुन्या गाडीचं काम काढणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगतो: गॅरेज शोधायच्या आधी गाडी ज्यांनी हाताळली त्या माणसांकडे जा.

पुरानंतरचे पहिले दोन दिवस निर्णायक होते. पाणी ओसरताच स्वच्छ पाण्याच्या जोरदार धारेनं पेट्या आतून धुतल्या असत्या, खालची भोकं तारेनं मोकळी केली असती, प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं असतं आणि दारं सताड उघडी ठेवून ऊन दिलं असतं, तर पेटी कापायची वेळ कदाचित आली नसती. त्या दिवसांत त्या घराकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. पण कृष्णा-पंचगंगेच्या काठी अशा गाड्या अजून बऱ्याच शेडमध्ये उभ्या आहेत, आणि हे काम दोन माणसं एका दुपारी करू शकतात.

गॅरेज निवडताना भावंडांनी तिथे रंगवलेल्या गाड्या पाहिल्या. पाहायला हवं होतं ते उघडं, अर्धवट काम: कापण्याआधी आधार देतात का, दारं लावून वेल्ड करतात का, सुटे भाग कसे ठेवतात. पोत्यांऐवजी खोके, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो, एवढं केलं असतं तरी डिकीचं कुलूप आज जागेवर असतं. पैसेही कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यायला हवे होते; मोठा अॅडव्हान्स गुंतल्यामुळेच दादांना थांबायला वेळ लागला.

भावंडांमधला करार उशिरा झाला. खर्च कोण किती करणार, विकायची वेळ आली तर कुणाचं मत लागणार, गाडी कोण चालवणार, हे त्यांनी खर्च दुप्पट झाल्यावर लिहून काढलं. तोवर दादा आणि आबा दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. आता एका कागदावर तिघांच्या सह्या आहेत. त्यात एक कलम ताईंनी घातलं: आतल्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा तर तिघांचा होकार हवा.

गाडी आता जुन्या शेडमध्ये नसते. गावाच्या उंच अंगाला आबांनी मळ्यात पक्की खोली बांधली आहे, २०१९ चं पाणी जिथवर आलं होतं त्याच्या वर जोतं घेऊन. उजवी पेटी फक्त मागच्या बाजूनं उघडून धुतली होती. तिचा पुढचा भाग आतून कसा आहे हे पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री येऊन पाहणार आहेत. यावेळी जॅक आणि मापाची पट्टी आधी, कटर नंतर, हे आबांनी त्यांना फोनवरच सांगून ठेवलं आहे.